न्हाय मॅडम आणि पंपावरचा पाच

आमच्या कंपनीत नदाफ मॅडमना सगळे पाठीमागे 'न्हाय मॅडम' म्हणत. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती. तपासणी विभाग त्यांच्याकडे होता. कुठलंही यंत्र टेबलावर ठेवलं की चालू करायच्या आधीच त्या म्हणायच्या, "न्हाय. आता बोला." म्हणजे नकार आधीच ठरलेला, आणि तो मोडून दाखवायचं काम आपलं. बाई मूळच्या गडहिंग्लजच्या, अंगानं किरकोळ, पण आवाज असा की त्यांना फोन कशाला लागतो असं वाटावं. कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं त्याही बिनदिक्कत 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायच्या.

आम्ही तेव्हा एक पंप बनवत होतो. सलाइनमधून औषध मोजून, थेंबाथेंबानं सोडणारा, बॅटरीवर चालणारा. गारगोटीकडचा पेशंट ॲम्ब्युलन्सनं कोल्हापूरला आणताना लागतो तसला. तासाला औषध किती सोडायचं हा आकडा पंपाच्या मेमरीत बसलेला असतो, आणि त्या मेमरीचं सॉफ्टवेअर माझ्याकडे होतं. त्यामुळे मॅडमचा 'न्हाय' सगळ्यात जास्त माझ्याच वाट्याला यायचा.

यंत्र कुठं हलतं ते ठोकून बघायची मॅडमना भारी खोड. मेमरीच्या एकाच रांगेला लाखो वेळा हात लावणारा एक प्रोग्राम त्यांनी लिहिला होता. तो चालवला की कधीकधी शेजारच्या रांगेतला आकडा आपोआप बदलायचा, तिला कुणी हात न लावता! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंड उघडंच राहिलं माझं. मॅडम म्हणाल्या, "शेजारणीनं भिंतीला लावून मुसळ घातलं, तर तुझ्या मांडणीवरचं भांडं पडतंय का न्हाय? तसंच की ह्ये. तू कुलूप दाराला लावलाईस, आन चोर भिंतीकडनं यायलाय." पंप दवाखान्याच्या नेटवर्कला जोडलेला असणार होता, म्हणून त्यांना या चोराची, म्हणजे बाहेरून घुसून आकडा बदलणाऱ्याची, धास्ती होती. आम्हाला ती तेव्हा फुकटची कटकट वाटायची.

आता चूक सांगतो, आणि ती माझीच आहे. मेमरीच्या प्रत्येक कणात विजेचा एवढासा भार असतो आणि तो सतत गळत असतो. म्हणून तो सेकंदाला कितीतरी वेळा पुन्हा भरावा लागतो. या भरण्यालाही बॅटरी लागते. मालकांना बॅटरी जास्त वेळ टिकायला हवी होती. मी भरण्याच्या फेऱ्या चौथ्या हिश्श्यावर आणल्या. दोन दिवस पंप चालला, एक आकडा हलला नाही. मालकांनी पेढे वाटले. मॅडमनी पेढा खाल्ला, बोटं पुसली आणि म्हणाल्या, "न्हाय. कुठं चालवलास?"

"लॅबमध्ये."

"एसीत! तू एसीत बसलाईस, तुझा पेशंट उनात हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवलं, पंप माझ्या मांडीवर दिला आणि गाडी काढली ती थेट त्यांच्या वर्गमैत्रिणीच्या गुऱ्हाळावर. तिथे चुलवाण धडधडत होतं आणि मोठ्या काहिलीत रस उकळत होता. मॅडमनी आचेपासून जरा अंतरावर एक स्टूल मांडलं आणि त्यावर पंप ठेवला, औषधाऐवजी साध्या पाण्याची पिशवी जोडून. पडद्यावर आकडा होता पाच, म्हणजे तासाला पाच मिली. काहिलीजवळचा म्हातारा गुळव्या म्हणाला, "पावणं, ह्ये काय शिजवायचं?"

"आमचा पाच शिजतोय का बघतो, तात्या," मॅडम म्हणाल्या.

आम्ही रस पीत बसलो. माझा दुसरा पेला संपायच्या आत पाचाचे एकोणसत्तर झाले. गरमीनं भार लवकर गळतो. मेमरीतला एकच कण पलटला होता, पण नेमका चौसष्टाच्या जागेचा, म्हणून पाचात चौसष्ट मिळाले. पंपाला त्याचं काही नव्हतं. तो मुकाट्यानं एकोणसत्तरच्या हिशेबानं पाणी सोडत होता. मॅडम या वेळी 'न्हाय' म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ह्ये औषध असतं तर?" मी पेला खाली ठेवला आणि पंप बंद केला.

पण नुसतं अडवून धरणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या, हे लिहून ठेवलंच पाहिजे. परत येताना त्यांनी उपायही सांगितला. पडद्यावरची चित्रं, अक्षरं कमी फेऱ्यांवर राहू देत, एखादा ठिपका गेला तर गेला. औषधाच्या आकड्याला मात्र पुरत्या फेऱ्या, बदल झालाच तर तो पकडणारी खूण, आणि दोन्ही अंगांना रिकाम्या रांगा, म्हणजे चोरानं कितीही ठोकलं तरी पोचायचं नाही. माझ्याइतकी नाही, पण बरीच बॅटरी वाचणार होती. काम तीन आठवड्यांचं होतं. मालकांना पंप आठ दिवसांत गिऱ्हाइकाला दाखवायचा होता.

मीटिंगमध्ये मालक चिडून म्हणाले, "मॅडम, जगात कुणी गुळाच्या काहिलीपाशी पंप तपासतं का?"

"जगात मे म्हयना नसंल सायेब, आमच्याकडं हाय. मी सही करणार न्हाय. खुर्ची पायजे तर घ्या, ती माझ्या आदीबी हितंच हुती."

मालकांनी पंप पास झाल्याचा कागद माझ्याकडे सरकवला. "मग तू कर. सॉफ्टवेअर तुझंच आहे."

मी पेन उघडलं. खोटं कशाला बोलू, सही करावी असं वाटलंही. पण कागदावर मला तो एकोणसत्तरच दिसायला लागला. "न्हाय," मी म्हणालो, अगदी मॅडमच्या सुरात. टेबलापलीकडून मॅडम म्हणाल्या, "पेनला टोपाण लाव. वाळंल."

तिसरं कुणी ते काम जाणत नसल्यामुळे मालकांना तीन आठवडे द्यावेच लागले. पंप मॅडमच्या पद्धतीनं झाला आणि त्या तपासून सही करून मोकळ्या झाल्या. पुढच्याच महिन्यात मालकांनी त्यांची बदली गोदामात केली. त्यांनी राजीनामा टाकला आणि गडहिंग्लजच्या एका कॉलेजात शिकवायला गेल्या. ना निरोप, ना नारळ. याचा मला आजही संताप येतो.

गेल्या मे महिन्यात माझ्या आईला गारगोटीहून ॲम्ब्युलन्सनं आणावं लागलं. तिच्या उशाशी पंप होता, आमचाच. आकडा पाच. गाडीतला एसी बंद, पत्रा तापलेला, आणि माझी नजर त्या आकड्यावरून हलेना. दवाखान्याच्या दारात गाडी थांबली तरी पाच पाचच होता. तिथूनच मॅडमना फोन लावला. "मॅडम, पाच राहिला."

"ऱ्हाणारच की. त्येच्यासाठनंच तर भांडलो आपण," त्या गरजल्या. "आता पंपावरचं डोळं काढ, आन आईकडं बघ."

मी आईकडे पाहिलं.