दिवसाला सोळा लाख मैल

श्री. मोतीलालभाईंची आणि माझी पहिली भेट शाळेत नव्हे, खळ्यावर झाली. तापीकाठच्या त्या गावी मी सहायक शिक्षक म्हणून रुजू व्हायला गेलो, तर सातवीचा वर्ग रिकामा. ओट्यावरच्या म्हातारबाबांना विचारले. ते म्हणाले, "गुरुजी खळामा शेतस, पोरंसले लिसन." तिथे ज्वारीची मळणी चालली होती आणि धोतर खोचलेले हेडमास्तर खळ्यामधल्या मेढीच्या खांबापासून बैलापर्यंतचे अंतर दोरीने मोजत होते. मेढ म्हणजे सूर्य, बैल म्हणजे ग्रह. दोरीची दुप्पट, गुणिले बावीस सप्तमांश, भागिले एका फेरीचा वेळ, की निघाला बैलाचा वेग. मी मनात म्हटले, झालं, कुठल्या वेड्याच्या हाताखाली येऊन पडलो!

वेडे ते नव्हतेच. पृथ्वी सूर्यापासून नऊ कोटी तीस लाख मैल. फेरी साडेअठ्ठावन्न कोटींच्या आसपास. वर्षाच्या दिवसांनी भागा, दिवसाला सोळा लाख मैल. मंगळ चौदा कोटी वीस लाखांवर, त्याच्या फेरीला सहाशे सत्त्याऐंशी दिवस. येतात तेरा लाख. म्हणजे बाहेरचा ग्रह सावकाश चालतो. पोरे हे मानायलाच तयार होईनात. "बाहेरना बैल जोरमा पयस, गुरुजी!" खळ्यावर ते खरेच आहे, बैल एकाच दाव्यात असतात, बाहेरच्याला पळावेच लागते. भाई रागावले नाहीत. "ग्रहांना कोणी दावं बांधलंय का रे? पुन्हा भागाकार करा," एवढेच म्हणाले. त्या आठवड्यात सगळ्या वह्या मीच तपासल्या. मला ते गणित तोंडपाठ झाले होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

मग दिपोटी साहेब शाळा तपासायला आले. त्यांनी सातवीला विचारले, पृथ्वी आणि मंगळ, जोरात कोण? पोरे एका सुरात म्हणाली, पृथ्वी. साहेब हसले. "बाहेरच्याची फेरी मोठी, तोच जोरात पळणार! हे शिकवता?" साहेबही शेतकऱ्याघरचेच, त्यांच्या डोक्यात तोच खळ्यावरचा बैल. भाईंनी अदबीने खडू पुढे केला. "साहेब, भागाकार करून बघू या." साहेबांनी खडूला हात लावला नाही. ते माझ्याकडे वळले, "मास्तर, तुम्ही सांगा."

मी तात्पुरता होतो. कायम होण्याचा शेरा त्यांच्याच हातात होता. मी शेपूट घातली. म्हणालो, "साहेब म्हणतात ते बरोबर आहे." भाईंनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि खडू खिशात टाकला.

अहवालात आले की हेडमास्तर मुलांना खळ्यावर नेऊन चुकीचे ज्ञान देतात, सहायकांनाही ते मान्य नाही. भाईंची बदली चाळीस मैल वर, सातपुड्यातल्या एका पाड्यावर झाली. त्यांची खुर्ची मला मिळाली. निरोपाला गाव फिरकले नाही. गाडीपाशी मी एकटाच, तोही मान खाली घालून. भाईच हसून म्हणाले, "आपन रोज सोळा लाख मैल चालतस. साहेबनी चाळीस वाढायात, त्यान्हं काय इतलं!" आणि ग्रहांच्या गणितांची आपली वही माझ्या हातात दिली. शेवटचे पान कोरे होते. वर लिहिले होते, 'शनी तुम्ही करा.' अहो, एक शिवी तरी हासडायची होती! त्या चांगुलपणाने मला जन्मभर जाळले. वही मी पेटीत टाकली आणि पोरांना नेमलेले पुस्तक तेवढे शिकवत राहिलो.

भाई पाड्यावर अकरा वर्षे राहिले. तिथल्या मुलांसाठी पावरी बोली शिकले, चढउतारात गुडघे घालवून बसले. आता त्यांची साठी आली, तर जे निरोपाला आले नाहीत तेच पहिला हार कोणी घालायचा म्हणून भांडत आहेत. समारंभाचे अध्यक्ष तेच दिपोटी साहेब! पत्रिकेत त्यांनी भाईंना 'खेड्यातले खगोलशास्त्री' म्हटले आहे. गौरव अंकाच्या समितीने मला बजावले, मास्तर, गोड लिहा. कुठून आणू गोड?

मात्र या लेखाच्या निमित्ताने मी वही काढली आणि कोरे पान भरले. शनीला एका फेरीला साडेएकोणतीस वर्षे. दिवसाला जेमतेम पाच लाख मैल, वहीतला सर्वांत संथ. भाईंच्या साठ वर्षांत त्याच्या दोन फेऱ्या पुऱ्या झाल्या. तिसरीही त्यांनी धड गुडघ्यांनी आणि स्वच्छ नजरेने पुरी झालेली पाहावी, एवढे मागणे मी मनापासून मागतो.

आणि एक मागणे साहेबांकडे. समारंभाच्या दिवशी व्यासपीठावरून तोच प्रश्न मला पुन्हा विचारावा. पृथ्वी, साहेब. मला तेव्हाही माहीत होते.