घरच्या काकूंची मुलाखत

आमच्या बॅगांच्या कारखान्यात ‘घरचा माणूस’ ही पदवी फार स्वस्तात मिळते. मी शिपाई, पण घरचा. म्हणजे चहा तर आणायचाच, वर मालकांच्या आईला डोळे तपासायलाही मीच न्यायचं. रजा मागितली की मालक दुखावल्यासारखं बघतात. घरच्यानं रजा मागायची?

काकू सगळ्यांत जुन्या. लग्नाआधी अस्तर शिवायला लागल्या, पुढे हँडल तपासायला लागल्या. बॅगेत विटा भरून ती जिन्यावरून वर-खाली न्यायची. हँडल तुटलं की शिवणाऱ्याची धडगत नसायची. आत्ताचे मालक लहानपणी फोमच्या ढिगावर झोपायचे, त्यांना उठवून भरवायच्या काकूच. मागे विभागप्रमुख नोकरी सोडून गेले आणि त्यांचं कामही काकूंच्याच गळ्यात पडलं. हुद्दा मागितला की मालक लाडानं म्हणायचे, “काकू, तुम्ही तर घरच्या. तुम्हाला हुद्दा कशाला?”

मग त्या पदासाठी बाहेरचे उमेदवार बोलावले. काकूंना सांगितलं काय, तर “नवा माणूस येईल, त्याला जरा काम शिकवा.” त्यांनी ऐकून घेतलं, बॅगेतल्या विटा काढून नीट रचल्या आणि राजीनामा दिला. मालक हसले. रुसवा आहे, उतरेल, असं त्यांना वाटलं. खरं सांगायचं तर मलाही.

मुलाखतीच्या दिवशी काकू पुढच्या दारानं आल्या. कडक इस्त्रीचे कपडे, मांडीवर फाइल. उमेदवारांच्या बाकावर ताठ बसलेल्या. मी धावलो.

“काकू, काय हे? आत चला ना.”

“मी बाहेरची आहे. पाणी आण. उमेदवारांना देतोस ना?”

“आणि नाही घेतलं तर?” मी हळूच विचारलं. काकूंच्या नवऱ्याची नोकरी सुटलेली, मुलगी शिकतेय. कमावणाऱ्या त्या एकट्याच.

“तर दुसरीकडे विटा उचलीन. पण फुकटची काकू म्हणून हा जिना आता चढणार नाही.”

त्यांचा नंबर आला तेव्हा चहाचा ट्रे घेऊन मी मुद्दाम केबिनमध्ये रेंगाळलो.

मालक कळवळून म्हणाले, “काकू, पुरे झालं. आईला कळलं तर मला घरात घेणार नाही.”

“साहेब, प्रश्न विचारा.”

आजवर त्या मालकांना ‘बाळा’ म्हणत आल्या होत्या. मालकांचा चेहरा खर्रकन उतरला. उगाच पेन इकडून तिकडे ठेवत त्यांनी विचारलं, “आमच्याकडे का यायचंय?”

“काम आवडतं म्हणून. ते येतंही.”

“मग आधीची नोकरी का सोडलीत?”

“तिथे माया फार होती. नोकरी नव्हती.”

मला वाटलं, संपलं सगळं. मालकांनी समोरची उमेदवारांची यादी उलटी करून ठेवली. काकूंची नजर मात्र त्यांच्यावरून ढळली नाही.

शेवटी मालक म्हणाले, “उद्यापासून या. विभागप्रमुख म्हणून. पगारही त्याच पदाचा.”

“कामाची वेळ?”

“अहो, आपल्यात कसली आलीय वे...” मालक थांबले. “नऊ ते सहा.”

“लेखी द्या,” काकू म्हणाल्या, आणि कागद हातात पडेपर्यंत खुर्चीतून हलल्या नाहीत.