बायकोच्या रकान्यातली बहीण

वाईच्या उमाला वाईट म्हणणारं माणूस शोधून सापडलं नसतं. पंधराव्या वर्षी नवरा गेला आणि पुढची तेरा वर्षं ती चुलतकाकांच्या घरी रांधत राहिली. घर तसं भलं, पण भल्या घरातसुद्धा विधवेचं पान शेवटीच वाढतात. तिचं म्हणावं असं माणूस एकच, थोरला भाऊ विष्णुपंत. ते आफ्रिकेत, नैरोबीला, रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. एकोणपन्नास साली रजेवर आले ते दोन कामं मनात धरून: साताऱ्याच्या क्षमाशी लग्न ठरवायचं आणि उमाला या चुलीपासून सोडवायचं.

क्षमाकडची बोलणी झाली. पण तिकडचं सरकार कारकुनाला फक्त बायको आणि मुलं आणू देई. विधवा बहीण त्यांच्या लेखी कुणीच नव्हती. विष्णुपंतांनी मान खाली घालून सांगितलं, "उमे, कागदापुरतं तुला बायको लिहितो. क्षमाशी पुढच्या रजेत लग्न करून तिला नेईन." उमाच्या अंगावर काटा आला. नाही म्हणायला तिनं तोंड उघडलं, चुलीकडं पाहिलं आणि मिटून घेतलं.

ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून दोघं सांगलीला गेली. तिथं फोटोसाठी उमानं तेरा वर्षांनी कुंकू लावलं, पेठेतून आणलेलं खोटं मंगळसूत्र गळ्यात घातलं. फोटोवाल्याच्या आरशात पाहिलं आणि, काय सांगावं, तिला ती बाई आवडली. शेजारी सख्खा भाऊ नवरा म्हणून उभा राहणार आणि आपण आरशात रमतोय, याची लाज वाटून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी निघताना ती आणखी एकदा डोकावून आलीच.

तिथल्या मॅजिस्ट्रेटच्या कचेरीबाहेर नाथाजी परदेशी जाण्याचे अर्ज भरून देई. पलटणीतून परतलेला, आफ्रिकेतलं मोंबासा बंदर पाहिलेला माणूस. विष्णुपंत कोर्टफीची तिकिटं आणायला गेले, तेव्हा नाथाजीनं उमाला खरीच बायको समजून धीर दिला.

"वैनी, बिनघोर जावा. ह्या कागदावर बायकू एकदाच लिवत्यात. उद्या सायबांनी दुसरी आणतो म्हटलं, तरी तिकडं घेत न्हाईत. आन् हितं बी आता कायद्यानं एकच बायकू. तुमची जागा लय पक्की हाय."

"आणि कागदावर खोटं लिहिलं असेल तर?" उमानं हळूच विचारलं.

"नोकरी जाती, तुरुंग बी हाय. पर तुमाला कशाला त्येची काळजी?"

विष्णुपंत तिकिटं घेऊन आले. आता सांगूनच टाकायचं, असं उमानं ठरवलं. मग ठरवलं, अर्ज भरून झाल्यावर सांगू. माणूस आपल्या सोयीचं किती चटकन ठरवतं! क्षमा तिच्या डोळ्यांपुढून हलेना. बोलणी चालली होती तेव्हा विधवा म्हणून उमा आत, माजघरात बसून होती. क्षमाच उठून आत आली होती आणि म्हणाली होती, "वन्सं, माझ्या लग्नात तुम्ही असं आत बसायचं नाही हं."

अर्ज भरून झाला. आता मॅजिस्ट्रेटसमोर शपथ तेवढी उरली. बाहेरच्या बाकावर उमाला राहवेना. नाथाजीनं सांगितलं होतं ते सगळं तिनं भावाला सांगितलं.

विष्णुपंत चकित झाले नाहीत. "माहीत आहे," ते म्हणाले. "नैरोबीतच वाचलं होतं."

"मग मला का नाही सांगितलंस, अण्णा?"

"वाटलं होतं, तुला कळलं की तूच नको म्हणशील. मला म्हणवेना."

शिपायानं नाव पुकारलं. दोघं आत गेली. अजून वेळ गेली नव्हती. एक शब्द बोलली असती तर भाऊ सुटला असता, क्षमाचा संसार वाचला असता. उमाला ते लख्ख कळत होतं. साहेबांनी कागदावरचा फोटो पाहिला, तिच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "हे तुमचे यजमान?"

उमानं पदर सावरला. भावाकडं तिनं पाहिलं नाही.

"हो," ती म्हणाली.