पंपरूममागचा आघाडा

बाग समिती म्हटलं की लोकांना वाटतं, फुलं नि फुलपाखरं! मुलुंडच्या आमच्या सोसायटीत या समितीवर राहून बघा. संताप साठतच जातो. तो इथे ओततेच आता.

*

सेक्रेटरी सावंतांनी लॉनच्या कडेला पिवळ्या फुलांचा वेडेलिया लावला. मी म्हटलं, "अहो, हा परदेशी वेल आहे. पेरापेराला मुळं फुटतात, बाकी सगळं दाबून टाकेल."

"म्हणजे मेंटेनन्स झीरो! बेस्ट ना मॅडम!"

पुढच्या पावसापर्यंत लॉन गायब. दुर्वा औषधालाही उरली नाही.

*

मग त्यांनी तो छाटला. तुकडे फेकले भिंतीपलीकडे, डोंगरावर! तुकडा न् तुकडा रुजला.

"बघा, डोंगरसुद्धा हिरवा केला आपण!" असं वर मलाच ऐकवलं. त्या दिवशी मी जेवलेसुद्धा नाही नीट.

*

उरला पंपरूममागचा कोपरा. तिथे आपला गावठी आघाडा आपसूक वाढायचा. श्रावणी शुक्रवारी जिवतीच्या माळेसाठी अख्खी बिल्डिंग तिथूनच पानं न्यायची. सावंत म्हणाले, "जंगल झालंय नुसतं. साफ करू."

तळमजल्यावरच्या सुमनवहिनी मालवणच्या. कमरेला पदर खोचून उभ्या राहिल्या. "सावंतानू, थंय हात लावशात तर माज्याशी गाठ आसा!"

सावंत पाय आपटत निघून गेले. मला वाटलं, सुटलो.

*

कसले सुटतोय! दिवाळीनंतर वहिनी गावाला गेल्या आणि यांनी कोपरा मुळापासून खणून काढला. स्वतः आत शिरून, माळ्याला ओरडत! वाळलेल्या तुऱ्यांच्या काटेरी बिया ट्रॅकपँटला गुडघ्यापर्यंत चिकटल्या. शिव्या घालत वर गेले आणि गॅलरीत पँट झटकत बसले.

परत आल्यावर वहिनींनी कोपरा पाहिला. तिथे वेडेलिया! "जिवतीक आता ह्या पिवळ्या फुलांची माळ घालू?" एवढंच म्हणाल्या. डोळे भरले होते त्यांचे. मला सावंतांचा असा राग आला, की महिनाभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

*

श्रावणातला पहिला शुक्रवार. सकाळी वहिनींच्या दारात कोण? मिसेस सावंत!

"वहिनी, थोडा आघाडा असेल का हो? बाजारातला पार सुकलेला आहे."

मी तिथेच होते. माझं डोकंच फिरलं, तोंड उघडणार तेवढ्यात वहिनींनी मला थांबवलं. मिसेस सावंतांना हाताला धरून अंगणात नेलं आणि वर बोट दाखवलं.

"माज्याकडे खंय गो? तुज्या गॅलरीत बघ. गुलाबाच्या कुंडीत!"

त्या दिवशी बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्या बायका सावंतांची बेल वाजवत होत्या. मिसेस पूजेला बसलेल्या. प्रत्येक वेळी दार उघडायला सावंत!