मेजरची गोष्ट, जशी घडली तशी

नातीचं केळवण लंडनजवळ वॉटफर्डला आमच्याच घरी ठरलं होतं. लग्नाआधी मुलीला आणि होणाऱ्या जावयाला जेवायला बोलवायचं, एवढी एक रीत आम्ही इथे नीट पाळली. आठवडाभर आधी तिचा फोन आला.

"आजोबा, त्याची आजी पण येते, एडिनबराहून. ती पण तुमच्या मेजरच्याच कंट्रीची आहे, यू नो! तुमचा तो मेजरचा स्टोरी तिला सांगा ना, प्लीज."

मी "बघू" म्हणालो. फोन ठेवला तरी हात बराच वेळ त्यावरच होता.

ही गोष्ट आमच्या ओळखीत सगळ्यांना पाठ आहे. सत्तरच्या दशकात मी इथल्या एका पंपांच्या कारखान्यात होतो. कंपनीनं मला दक्षिण अमेरिकेतल्या एका शहरात पाणीपुरवठ्याचे पंप बसवायला पाठवलं. देशाचं नाव लिहीत नाही. त्या काळी तिकडे जिथे तिथे गणवेशातलीच माणसं राज्य करत होती, कुठलंही नाव चाललं असतं. तिथल्या कामगारांनी संप केला. एका सकाळी मेजर आला, काळा चष्मा, काखेत छडी. तासाभरात काम सुरू! महाराष्ट्र मंडळाच्या सहलीत, वाढदिवसांना मी हे सांगायचो आणि काखेत लाटणं धरून मेजरसारखा चालून दाखवायचो. लोक पोट धरून हसायचे, आणि नात लहान असताना माझ्यामागून तशीच चालायची. मग कुणीतरी हमखास म्हणायचं, "आपल्याकडे असाच एक पाहिजे. दोन वर्षं द्या लष्कराच्या हातात, बघा कसे सरळ येतात." मी मान डोलवायचो. मी प्रत्यक्ष पाहून आलेला माणूस होतो ना.

त्यातलं खोटं फक्त बायकोला ठाऊक होतं. त्या आठवड्यात मी रात्री कूस बदलत राहायचो आणि सकाळी चहा गार होईपर्यंत बसायचो, ते ती पाहत होती.

"पोट बिघडलंय म्हणा आणि वर जाऊन झोपा," ती म्हणाली.

"केळवणाच्या दिवशी?"

"मग सांगा एकदाचं खरं. तो तुमचा मेजर इतकी वर्षं आपल्याकडे फुकट जेवतोय."

मला भीती त्या एडिनबराच्या बाईंची होती. नेहमीसारखी गोष्ट सांगितली, तर त्या हसणार नाहीत. खरी सांगितली, तर नात ज्या घरात चालली आहे, तिथे तिचा आजोबा कोण म्हणून ओळखला जाईल?

केळवणाला आलेल्या बाई लहानखुऱ्या निघाल्या, हिरवा कार्डिगन घातलेल्या. ताटाभोवतीच्या रांगोळीचा त्यांनी फोटो काढला आणि भजी दोनदा मागून घेतली. जेवण रंगात आलं तशी नात लाटणं घेऊन आली. "आजोबा, चला!"

मी लाटणं टेबलावर ठेवलं आणि बसूनच सांगितलं, इंग्रजीत, त्यांना कळावं म्हणून. काम तासाभरात सुरू झालं हे खरं. पण कामावर आलेली माणसं ती नव्हतीच. अंगात कामगारांचे कपडे, पायात लष्करी बूट. पाना कसा धरायचा तेही त्यांना येत नव्हतं. मीच शिकवलं. आधीच्या माणसांना ट्रकमध्ये चढवताना मी खिडकीतून पाहिलं होतं. त्यांना कुठे नेलं ते मी कुणालाही विचारलं नाही. पंप सुरू झाले आणि मी परत आलो.

"बाबा, हे आज कशाला?" मुलगा मराठीत पुटपुटला.

"म्हणजे मी लहानपणी कोणाला कॉपी करत होता, आजोबा?" नातीनं विचारलं.

बाई मात्र चिडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आमच्या स्वयंपाकघरात मदर मेरीच्या तसबिरीशेजारी एका जनरलचा फोटो होता. माझ्या वडिलांनीच लावलेला. गावातल्या निम्म्या मुलांचा तो धर्मपिता, बाप्तिस्म्याच्या वेळचा मानलेला बाप. नोकरी, रस्ता, पोलिसांकडून सुटका, सगळं त्याच्या शब्दावर. कायदा कुणी पाहिला होता? जनरल मात्र घोड्यावर दिसायचा. त्याच्यानंतर जे लष्करवाले सत्तेवर आले त्यांनाही वडील 'आपला माणूस' म्हणत राहिले. माझ्या भावाला घेऊन गेले त्या दिवसापर्यंत."

मग त्यांनी विचारलं, "ट्रकमध्ये चढवताना ज्यांना तुम्ही पाहिलंत, त्यांच्यापैकी कुणाचं नाव आठवतं?"

मेजरचा चष्मा आठवत होता, चालताना डावा खांदा उचलायची त्याची लकब आठवत होती. ज्या कामगारांच्या पंगतीला बसून महिनोन् महिने डबा खाल्ला, त्यांच्यातल्या एकाचंही नाव येईना.

"नाही," मी म्हणालो.

"आठवलं तर कळवा. नाहीशा झालेल्यांना अजून शोधणारे लोक आहेत तिकडे."

लग्न होऊन गेलं. नात येते, बोलते, पण जपून. मी रोज सकाळी आठवत बसतो. चेहरे येतात: एकाचा पुढचा दात तुटलेला, एकजण काम करताना शीळ घालायचा. परवा त्या शीळ घालणाऱ्याचं नाव ओठांवर आलं. पण ते त्याचंच, की मीच जुळवलेलं, याची खात्री होईना. त्या माणसांबद्दल मी आधीच पुष्कळ रचून सांगितलं आहे. म्हणून एडिनबराला अजून फोन केलेला नाही.