सहावा ठिपका

दत्ता परब गेल्याचा निरोप आला तेव्हा मी प्रयोगशाळेत पेन्सिलीला टोक काढत होतो. मुलुंडच्या औषधांच्या कारखान्यात आमची टेबलं अकरा वर्षं शेजारी होती. फोन ठेवला आणि पेन्सिल तशीच तासत राहिलो... माणूस रडतो म्हणतात, मला नुसता थकवा आला. महिना होत आला, तो अजून उतरलेला नाही.

आमचं काम तसं कंटाळवाणं. औषधाचा जोर दर महिन्याला किती घटतो ते तपासायचं, आलेखाच्या कागदावर ठिपके मांडायचे आणि त्यांना बसेल असं समीकरण शोधायचं. त्यातले दोन आकडे अज्ञात: सुरुवातीचा जोर आणि घटण्याचा वेग. कारखान्यातला एकुलता कॉम्प्युटर आमच्या वाट्याला कधी आलाच नाही. दत्ता दोन्ही आकडे अंदाजाने धरायचा, कॅल्क्युलेटरवर हिशेब करून ट्रेसिंग पेपरवर वक्ररेषा काढायचा आणि ती ठिपक्यांवर ठेवून बघायचा. नाही बसली की आकडे बदलून पुन्हा पहिल्यापासून. एकदा एक आडमुठा ठिपका मी खोडला, तर केवढा भडकला! "विन्या, तुझ्या रेघेपायी ठिपका मरणार काय रे? रेघ हलव!"

पुढे त्याच्या किडन्या बिघडल्या. यंदा, शहाऐंशीच्या जानेवारीत, त्याने मला घाटकोपरच्या खोलीवर बोलावलं आणि रक्ताचे सहा रिपोर्ट पुढे टाकले.

"माझा हात कापतो आता, तू बसव. पोरीची परीक्षा आटपली की मेमध्ये सगळ्यांनी गावी जायचंय, आईकडे. तोवर टिकतो का मी, एवढंच बघ."

वहिनी पोह्यांच्या बश्या घेऊन तिथेच उभ्या होत्या. रक्तात साठत चाललेल्या विषाचे आकडे मी कागदावर मांडले: पाच ठिपके हळूहळू चढत होते, सहावा एकदम वर. त्याला धरलं की रेषा एप्रिलमध्येच डॉक्टरांनी सांगितलेली हद्द ओलांडत होती. वहिनींकडे बघून माझा धीर सुटला. "हा शेवटचा रिपोर्ट चुकलेला दिसतोय," मी म्हटलं आणि तो सोडून पाचांतून रेषा काढली. "ऑगस्टपर्यंत काही चिंता नाही." दत्ता भडकेल म्हणून मी मान खाली घालून बसलो. त्याने कागद उचलून उजेडाकडे धरला. मग म्हणाला, "झकास बसलीय."

मार्चमध्ये तो एकटाच निघाला. "शिमग्याक जाऊन येतंय," म्हणाला. शिमग्याला पालखी दारी येते, तेव्हा कोकणातल्या माणसाला कोण अडवणार, म्हणून मी ते हसण्यावारी नेलं. परत आला आणि पंधरा दिवसांत गेला.

परवा वहिनींनी तो कागद माझ्यापुढे ठेवला. माझ्या रेषेशेजारी दुसरी होती, थरथरत्या हाताची, सहाही ठिपक्यांना धरून काढलेली. खाली दोन आकडे, तीनतीनदा खोडून बदललेले.

"तुम्ही गेल्यावर लगेच बसले होते. मला वाटलं, वेळ घालवतायत."

"म्हणजे दत्ताला माहीत होतं," मी म्हटलं. खोटं कशाला सांगू, मला क्षणभर हलकं वाटलं.

"त्यांना होतं, भावजी. तुम्हाला खोटं पाडायचं नव्हतं म्हणून गप्प बसले असतील. पण मला नव्हतं ना माहीत! शिमग्याला सगळी जाऊया म्हणून मागे लागले होते. मीच म्हटलं, भावजींनी ऑगस्ट सांगितलाय, आता कशाला..." कागदाची घडी घालता घालता त्या थांबल्या. "परीक्षा बुडाली असती पोरीची. बुडू दे की."