बेदाण्याच्या शेडमधला हसरा फोटो

मंडळी, आज दुपारी जे पाहिलं ते आपल्या ईमेल ग्रुपवर लिहितेय.

सांगलीत मी वेबसाइट बनवते. तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्यानं दिलेला फोटो स्कॅन करून त्याच्या साइटवर लावला होता. शेडमध्ये बेदाणे निवडताना हसणारी बाई. कुंडलच्या एका फोटोग्राफरकाकांनी तो सायबर कॅफेत पाहिला. फोटो त्यांनीच काढलेला, बाई त्यांची बायको. एक प्रत त्यांनी तेव्हा व्यापाऱ्याला भेट दिली होती. गेल्या वर्षी बायको वारली.

काकांनी मला गाठलं आणि फोटो साइटवरून काढायचं सांगायला आज आम्ही दोघं व्यापाऱ्याकडे गेलो.

"शेड माझं, बाई माझ्या मजुरीवर. मग फोटो तुझा कसा रं?" तो म्हणाला. "निगेटिव्ह हाय का?"

काकांनी खिशातून निगेटिव्ह काढून दिली. त्यानं ती खिडकीशी धरून नीट पाहिली आणि टेबलावरच्या कात्रीनं तिचे बारीक तुकडे केले. "आता सांग, कुणाचा फोटो?"

काका खाली बसून तुकडे गोळा करू लागले. "आवं, ती हसल्याली येवढ्या एकाच फोटूत व्हती."

व्यापारी आणि त्याचा दिवाणजी खो-खो हसले.

परत येऊन मी फोटो साइटवरून काढला आणि काकांना छापून दिला. माझ्याकडे साइटसाठी लहान केलेलं तेवढंच चित्र उरलं होतं, कागदावर नुसते ठिपके उमटले. काकांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. "ताई, हिच्यात ती न्हाई."

मूळ प्रत व्यापाऱ्याकडेच आहे. उद्या ती मागायला जातेय. माझ्याबरोबर तासगावला कोण येतंय?